आठव्या मैलाचा दगड

चार दिवस एमस टकेट रस्त्याच्या कडेला पहार मारत होता. दोन पावलं पुढे सरकायचं, पहार उचलायची, जमिनीत घालायची आणि हाताला काय लागतं ते बघायचं. मऊ गेली तर माती. झिणझिण्या आल्या तर कातळ. त्याला जे हवं होतं ते या दोन्हींच्या मधलं होतं, घडवलेल्या दगडाचं, भरीव आणि जरा दबकं. असे आठ दगड त्याने या उन्हाळ्यात जमिनीतून वर काढले होते. नववा काही केल्या लागत नव्हता.

सन शेहेचाळीसचा जुलै होता. लढाई संपून वर्ष उलटलं होतं आणि आता पावावरही रेशन येणार अशी बातमी होती. एमस चौसष्ट वर्षांचा होता. स्टोकवर्दी गावापासून एक्झिटर शहराच्या बाजूला नऊ मैल जाणाऱ्या या रस्त्यावर त्याने एकेचाळीस वर्षं मैलकुली म्हणून काढली होती. खड्डे भरायचे, गटारं उपसायची, बांधावरची झुडपं छाटायची. सप्टेंबर अखेरीस त्याला घरी बसायचं होतं. डावा गुडघा तर दोन वर्षांपूर्वीच घरी बसला होता, तो नुसता त्याच्याबरोबर कामावर ओढला जात होता.

दुपारी ओव्हरसियर पेनिकॉट मोटरसायकलवरून आला. तिशीचा, सैन्यातून नुकताच सुटलेला, बोलायला सभ्य. त्याने गाडी कडेला लावली आणि खिशातून यादी काढली.

"टकेट, मिळाला का आठ मैलांचा?"

"नाही साहेब."

"कागदपत्रांत काहीच नाही हो. मी सगळं कपाट पाहिलं."

"नसणारच. लिहू नका असाच हुकूम होता. शत्रूच्या हाती कागद पडला तर."

पेनिकॉटने टोपी काढून कपाळ पुसलं. "मला यादी बंद करायची आहे. काँक्रीटचा एक खांब रोवू आणि मोकळे होऊ. कोण बघतंय?"

एमसला त्या क्षणी 'बरं' म्हणायचं होतं. पाठ भरून आली होती आणि कोणीही काहीही सुचवलं असतं तरी तो 'बरं'च म्हणाला असता. पण साहेबच पुढे म्हणाला, "की त्या विजरला विचारू? तुमच्याबरोबर तोच होता ना तेव्हा? वर जुन्या टोलनाक्याच्या घरात राहतो म्हणे. आत्ता जातो मी."

"त्याला फेब्रुवारीत झटका आलाय," एमस म्हणाला. "एक अंग गेलंय. बोलता येत नाही."

"अरेरे. मग राहू दे."

एमसने पहार उपटून खांद्याला लावली. एझ्रा विजर तोंड वाकडं होऊन खुर्चीत बसलाय आणि हा परका पोरगा यादी नाचवत त्याच्यापुढे उभा आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि ते त्याला बघवेना.

"मी जातो," तो म्हणाला. "उद्या सकाळी."

या रस्त्यावर पूर्वी टोल होता. एमसच्या पणजोबांच्या काळात आसपासच्या जमीनदारांनी मिळून तो बांधला, नाके बसवले आणि मैलामैलावर ग्रॅनाइटचा एकेक दगड रोवला. एका अंगाला स्टोकवर्दी किती, दुसऱ्या अंगाला एक्झिटर किती. मग आगगाडी आली, घोडागाड्या बंद पडल्या, टोल उठला, नाक्याची फाटकं गावाने एका रात्रीत शेकोटीत घातली. रस्ता काउंटीच्या रस्तेखात्याकडे आला आणि दगड तसेच उभे राहिले. एमस दर वसंतात त्यांच्याभोवतीचं गवत काढायचा आणि अक्षरांत काळा रंग भरायचा. ते कामाचा भाग होतं म्हणून. त्याला त्यांचं फार कौतुक होतं असं नाही.

सन चाळीसच्या उन्हाळ्यात हुकूम आला, सगळे दगड आणि वाटेच्या पाट्या नाहीशा करा. आभाळातून जर्मन उतरला तर आपण कुठे आलो हे त्याला कळता कामा नये. एमस आणि एझ्रा विजर दोघांना मिळून हे नऊ मैल दिले होते. वीस वर्षांची जोडी त्यांची, एकाच किटलीतला चहा प्यायलेली.

"मला एक सांग," पहिला दगड उपटताना एझ्रा म्हणाला होता, "तो जर्मन वाट विचारणार कोणाला?"

"आपल्याला."

"मग दगड कशाला काढायचे? आपल्या गावच्या माणसाने वाट सांगितली तर तो तसाही जन्मात कुठे पोचणार नाही."

असे सात दगड गाडून झाले. आठवा, हाच आठ मैलांचा, बीचच्या झाडाखालचा, उपटून गवतात आडवा पडला होता आणि खड्डा अजून घ्यायचा होता, तेव्हा वळणावरून थर्झा येताना दिसली. एमसची बायको. दोन मैल चालत आली होती, स्वयंपाकघरातला एप्रन तसाच अंगावर ठेवून. एमसने एप्रन पाहिला आणि हातातलं फावडं खाली ठेवलं. तारेचा कागद तिने खिशातून काढलाही नाही. रूबेन, त्यांचा एकुलता एक, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ मारला गेला होता.

चार दिवसांनी एमस कामावर परतला. दगड दिसत नव्हता, गवत सपाट होतं. एझ्रा टोपी हातात धरून उभा होता.

"एमस, काय बोलू मी," तो म्हणाला.

"काही बोलू नकोस. तुझा घरी आहे ना? सुखरूप?"

एझ्राचा जेथ्रो तेव्हा सव्वीस वर्षांचा, रूबेनच्याच वर्गातला. आपण बंदूक धरणार नाही, माणूस मारणं आपल्या धर्मात बसत नाही, असं त्याने सरकारला लिहून दिलं होतं आणि सरकारी मंडळापुढे जबाब द्यायला बोलावण्याची वाट बघत तो नाक्याच्या घरात बसला होता. चॅपेलमध्ये त्याच्या शेजारी कोणी बसत नसे.

"माझा मातीत गेला," एमस म्हणाला, "आणि तुझा बायबल मांडीवर घेऊन बसलाय. आईच्या पदराआड. तुला लाज नाही वाटत माझ्यासमोर टोपी काढायची?"

एझ्राने टोपी घातली.  दुसऱ्या दिवशी त्याने साहेबाकडे जाऊन वरचा रस्ता मागून घेतला. उरलेला एक दगड एमसने दुसऱ्याच कोणाबरोबर गाडला. पुढची सहा वर्षं ते दोघं रस्त्यात भेटत, मान हलवत आणि पुढे जात. जेथ्रोला मंडळाने उत्तरेकडे जंगलतोडीच्या कामाला धाडलं. त्रेचाळीस साली एझ्राची बायको वारली तेव्हा थर्झा मयताला गेली. एमस गेला नाही. गटार तुंबलंय म्हणाला होता, आणि ते तुंबलेलं होतंही.

नाक्याचं घर चढाच्या माथ्यावर होतं. पुढची भिंत तीन बाजूंना वळलेली, प्रत्येक बाजूला खिडकी, म्हणजे टोलवाल्याला चुलीपाशी बसून दोन्हीकडची गाडी दिसावी. एझ्राचा आजा तिथला शेवटचा टोलवाला. एमस सकाळी नऊला दाराशी पोचला तेव्हा चढाने त्याचा श्वास फुलला होता. थोडा वेळ तो नुसताच उभा राहिला. कडी वाजवायच्या आतच दार उघडलं.

जेथ्रो होता. बत्तीस वर्षांचा, बापासारखाच रुंद, डोक्यावरचे केस मात्र विरळ झालेले. हाताला साबणाचा फेस.

"मिस्टर टकेट," तो म्हणाला. लहानपणी तो त्याला एमसकाका म्हणत असे.

"तुझ्या बापाशी काम आहे."

"या. दाढी चाललीय त्याची. अर्धी झालीय."

एझ्रा खिडकीशी बसला होता. उजवा हात मांडीवर, कोणी आणून ठेवल्यासारखा. अर्ध्या गालावर फेस. एमसला पाहून त्याचा डावा डोळा मोठा झाला आणि तो म्हणाला, "तिथं."

"तेवढंच येतं त्याला," जेथ्रो म्हणाला. "भूक लागली तरी तिथं, झोप आली तरी तिथं. डॉक्टर म्हणतात, कळतं सगळं."

"तिथं," एझ्रा म्हणाला, जरा रागाने.

"हो, कळतं म्हणालो ना."

एमस टोपी हातात घेऊन उभा राहिला. काय बोलायचं ते चढावर येताना त्याने जुळवलं होतं, आता त्यातलं काही आठवेना. शेवटी तो म्हणाला, "एझ्रा, आठ मैलांचा दगड. साहेब मागतोय. तू कुठे गाडलास?"

 एझ्राने डावा हात उचलला आणि खिडकीबाहेर, रस्त्याच्या उताराकडे बोट केलं. "तिथं."

"ते कळलं रे. पण तिथं म्हणजे कुठे?"

"तिथं. तिथं." हाताने त्याने दाराकडे खूण केली, खुर्चीच्या दांड्यावर थापा मारल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडाची चांगली बाजू हसत होती.

"त्याला यायचंय," जेथ्रो म्हणाला. "फेब्रुवारीपासून उंबरा ओलांडला नाही त्याने. मी म्हणून थकलो. आज पहिल्यांदा स्वतः म्हणतोय." त्याने वस्तरा उचलला. "मागे हातगाडी आहे, लाकडं आणायची. थांबता का पाच मिनिटं? उरलेला गाल करतो."

हातगाडीत गवताची पोती घातली, त्यावर उशी, उशीवर एझ्रा. जेथ्रोने पुढचा दांडा धरला, एमस मागून पहार आणि फावडी घेऊन निघाला. उतार होता तरी चाकं दगडांवरून उडायची आणि दर धक्क्याला एझ्रा "तिथं" म्हणायचा. दुधाची गाडी घेऊन जाणारी मिसेस नॉर्थकट वाटेत थांबली, तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "हवा बरी आहे आज." एमस म्हणाला, "हो, बरी आहे." दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या गावात होणार हे त्याला ठाऊक होतं.

बीचच्या झाडापाशी आल्यावर एझ्राने बोट दाखवलं. झाडाच्या डाव्या अंगाला, नेच्यांच्या दाटीत. जेथ्रोने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि खणायला लागला. एमसनेही फावडं घेतलं, पण दहा-बारा फावड्यांनंतर पाठीतून कळ निघाली आणि तो बांधाला टेकला.

"बसा तुम्ही," जेथ्रो म्हणाला.

"मी कधी बसायचं ते मला कळतं."

पण तो बसला. दीड हातावर कातळ लागला, दगड नाही. एझ्रा मान हलवत होता. त्याने बोट थोडं पुढे सरकवलं, रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाकडे. जेथ्रोने पहिला खड्डा बुजवला आणि दुसरा घेतला. ऊन चढलं. माशा घोंगावू लागल्या. जेथ्रो मान वर न करता खणत होता, फार घाई नाही, फार हळूही नाही, वर्षानुवर्षं खणलेल्या माणसासारखा. एमसला ते बघवत नव्हतं आणि दुसरं बघायला तिथे काही नव्हतं.

दुसऱ्या खड्ड्यातही कातळ लागला.

"झालं," एमस म्हणाला. "नाही आठवत त्याला. सहा वर्षं झाली, वर हा झटका. चल, घेऊन जाऊ घरी. खांब रोवू दे साहेबाला."

एझ्राने ते ऐकलं. तो काही म्हणाला नाही, तिथंसुद्धा नाही. तोंड फिरवून तो शेताकडे बघू लागला.

जेथ्रो खड्ड्यातून वर आला. त्याने बापाकडे पाहिलं, मग फावडं उचलून रस्ता ओलांडला. पलीकडे शेताचं फाटक होतं. फाटकाच्या खांबापासून त्याने चार पावलं मोजली, बांधाच्या कडेने, आणि तिथे फावडं मारलं. वीतभरही गेलं नसेल, आवाज आला. भरीव, जरा दबका. एमस उभा राहिला.

पाव तासात दगडाची एक कड उघडी पडली. जेथ्रोने हाताने माती सारली. अक्षरांत चिखल होता तरी आठाचा आकडा स्पष्ट होता.

एमस रस्ता ओलांडून खड्ड्याच्या काठावर आला.  दगड पाच माणसांच्या वजनाचा होता. पहिले सात दगड त्या दोघांनी मिळून पहारींनी रेटले होते आणि दोघांचेही खांदे रात्रभर ठणकले होते. आणि हा तर रस्ता ओलांडून इथे आला होता.

"तू होतास," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी."

"तुम्ही थर्झाकाकूंबरोबर गेलात. बाबा घरी आला, म्हणाला, दगड उघडा पडलाय, सकाळी शिपाई तपासायला येणार. एकट्याने कसा हलवणार? तिकडे कातळ लागला, दोन ठिकाणी खणून पाहिलं. आत्ता त्याने दाखवली तीच दोन ठिकाणं. मग कुंपणाचे वासे खाली घालून लोटत आणला इकडे."

"लढाईचं काम होतं ते. आणि तू लढाईला नाही म्हणणारा."

"बापाचं काम होतं," जेथ्रो म्हणाला. "कोणाला सांगू नकोस म्हणाला. मी हात लावला असं कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती."

एमसला एकदम राग आला. "म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. सकाळी दारातच सांगता आलं असतं. मी चार दिवस पहार मारतोय. आणि तू स्वतः दोन खड्डे खणलेस, कशासाठी?"

"तुम्ही मला नाही विचारलं, मिस्टर टकेट. त्याला विचारलंत." जेथ्रोने मनगटाने घाम पुसला. "पाच महिन्यांत त्याला कोणी काही विचारलं नाही. डॉक्टरसुद्धा मलाच विचारतात. आज तो बोट दाखवत होता. म्हटलं, दाखवू दे."

 राग आला तसा गेला आणि मागे नुसता थकवा राहिला, इतका की तो बांधावर, चिखलातच बसला. जेथ्रो त्याच्याजवळ बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पलीकडे गाडीत एझ्राची मान छातीवर पडली होती. झोप लागली होती त्याला, तोंड उघडं.

"मी त्याला काय बोललो ते सांगितलं त्याने तुला?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बोलू दे एमसला. कोणाला तरी बोलायलाच पाहिजे त्याने." जेथ्रो हाताच्या घट्ट्यांवरची माती खरवडत होता. "मीही बाबाला तेच सांगितलं असतं."

एक गाडी आली, वेग कमी करून खड्ड्याकडे बघत गेली. धूळ खाली बसली.

"रूबेन आला होता आमच्याकडे," जेथ्रो म्हणाला. "शेवटच्या रजेवर. मंगळवारी."

"आम्हाला नाही बोलला."

"फेरेटं घेऊन आला होता. ती दोन, पांढरी."

एमसला ती आठवली. मुंगसासारखी, ससे धरायला पाळलेली, मागच्या शेडमध्ये पिंजऱ्यात, वासाने थर्झा वैतागायची. "विकली म्हणाला होता. बाजारात."

"मला दिली. म्हणाला, आईला वास सहन होत नाही, बाबांना वेळ नाही. सांभाळ मी येईपर्यंत. मी म्हटलं, तुला ठाऊक आहे ना गावात मला काय म्हणतात? तर म्हणाला, फेरेटांना कुठे ठाऊक आहे." जेथ्रो थोडं हसला. "पुढे मला उत्तरेला पाठवलं, तर आईने सांभाळली. मोठं होतं ते बेचाळीसच्या हिवाळ्यात मेलं. धाकटं नंतर वर्षभर होतं."

एमस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. गेल्या सहा वर्षांत कोणी त्याच्यासमोर रूबेनबद्दल असं बोललं नव्हतं. लोक शूर म्हणत, थोर म्हणत, चॅपेलच्या भिंतीवर त्याचं नाव लावलं होतं. तो काय बोलला, हे कोणी सांगत नव्हतं.

"चावायचं मोठं," तो म्हणाला.

"मला दोनदा चावलं." जेथ्रोने अंगठा पुढे केला. एमसने वाकून पाहिलं. नखाखाली बारीक पांढरा व्रण होता. एमस तो बराच वेळ बघत राहिला, जणू त्याला तिथे काही वाचायचं होतं. मग त्याने खिशातून रुमालात बांधलेलं जेवण काढलं, थर्झाने दिलेली, बटाटा भरून भाजलेली पेस्टी, आणि मधोमध मोडली. अर्धी जेथ्रोला दिली. उरलेल्या अर्धीचा तुकडा मोडून तो रस्ता ओलांडून एझ्राकडे गेला, त्याच्या खांद्याला हात लावला.

"ऊठ. सापडला तो."

एझ्राने डोळे उघडले.

"तिकडे नव्हता, एझ्रा. फाटकाशी होता. तुझं चुकलं."

"तिथं," एझ्रा म्हणाला, आणि तोंड उघडून पेस्टीची वाट बघू लागला. एमसने त्याला भरवलं. अर्धं हनुवटीवर सांडलं, ते बाहीने पुसलं. भरवताना त्याने जे म्हणायचं होतं तेही म्हटलं, हळू आवाजात, दोन वाक्यांत. जेथ्रो पलीकडे खड्डा रुंद करत होता, त्याला ऐकू गेलं नाही. एझ्राला कळलं की नाही हे सांगता येत नाही. त्याने घास गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं.

चढावरून गाडी परत न्यायला दुपारचे दोन तास लागले. एमस मागून ढकलत होता. जेथ्रोने एकदाही 'राहू द्या' म्हटलं नाही, त्याबद्दल एमसला बरं वाटलं.

घरी आल्यावर तो बूट न काढता खुर्चीत बसला. थर्झाने केटल ठेवली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला असं बसलेलं फारदा पाहिलं नव्हतं.

"सापडला?" तिने विचारलं.

"सापडला. त्या दिवशी एझ्राबरोबर जेथ्रो होता. दोघांनी गाडला."

"मग दुसरं कोण असणार?" थर्झा म्हणाली. "एकटा माणूस हलवील का तो?"

एमस तिच्याकडे बघत राहिला. "तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक कशाला असायला हवं. त्यात काय विचार करायचाय." तिने त्याच्या पायाशी बसून बुटाची नाडी सोडायला घेतली. गाठ चिखलाने घट्ट झाली होती. "तुला सहा वर्षांत नाही सुचलं?"

"नाही."

ती नखांनी गाठ सोडवत राहिली. त्याने तिला फेरेटांची गोष्ट सांगितली. रूबेन काय म्हणाला तेही सांगितलं, तेच शब्द. तिचे हात थांबले. दुसरा बूट काढल्यावरही ती उठली नाही, तशीच जमिनीवर बसून राहिली. केटल उकळून उकळून अर्धी झाली तरी कोणी उठलं नाही. शेवटी ती म्हणाली, "वास मात्र खरंच सहन होत नव्हता," आणि डोळे पुसून चहा करायला गेली.

पुढच्या आठवड्यात खात्याची लॉरी आली, साखळी लावून दगड उचलला आणि बीचच्या झाडाखाली पुन्हा उभा केला. पेनिकॉटने यादीवर खूण केली आणि एमसशी हात मिळवला. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी एमसने फावडं, पहार आणि घमेलं खात्याच्या गुदामात जमा केलं, आणि सोमवारी सकाळी सहाला उठून नेहमीप्रमाणे बूट घातले, मग पुन्हा काढले. रविवारी दुपारी तो नाक्याच्या घरी जाऊ लागला. एझ्राशेजारी खिडकीत बसायचं, जाणाऱ्या गाड्या बघायच्या, संध्याकाळी उतरायचं. बोलणं फारसं नव्हतं. जेथ्रो चहा द्यायचा. एकदा त्याच्या तोंडून एमसकाका निघून गेलं आणि दोघांनीही ते ऐकलं नसल्यासारखं केलं.

एझ्रा जानेवारीत वारला. त्या हिवाळ्यात असा बर्फ पडला की महिनाभर त्या रस्त्याने मोटार गेली नाही, मयताची गाडी तर नाहीच. चॅपेल अडीच मैल खाली. खांदा द्यायला सहा माणसं जमवायला जेथ्रोला दोन दिवस लागले, आणि ती जमली याचंच त्याला नवल वाटत होतं. मिसेस नॉर्थकटचे दोघे दीर आले, लोहार आला, खात्यातला एक जण आला. पाचवा जेथ्रो स्वतः, सहावा एमस.

"तुमच्या गुडघ्याला नाही झेपणार," जेथ्रो अंगणात म्हणाला.

"उंची आपली जुळते," एमस म्हणाला. "पुढे तू आणि मी."

शवपेटी खांद्यावर घेऊन गुडघाभर बर्फातून ते निघाले. शंभर पावलं चालायचं, टेकवायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचं.  अर्ध्या वाटेवर लोहार म्हणाला, आपण एमसला सोडवू, आलटून पालटून पाच जण पुरतील. एमसने मान हलवली. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं आणि चेहरा राखेसारखा झाला होता. जेथ्रोने वाकून त्याच्याकडे पाहिलं.

"डावा खांदा दुखतोय?"

"दोन्ही."

"मग बाजू बदलू या. तुम्ही इकडे या, मी तिकडे."

त्यांनी जागा बदलल्या, वाकले आणि उचललं.